धडपड्या फ्रिडलीची बंदूक

हिंटरएग, ग्लारुस
१४ मार्च १९९३

ती. रोझिनाताई हिस,
बाल्त्सचा सा. न. वि. वि.

आधी तुझा गुडघा कसा आहे ते कळव. म्हणजे पुढचं वाचून तू मला मारायला इथवर येऊ शकतेस का, याचा मला अंदाज येईल.

मी बंदूक घेतली. ओरडू नकोस, बाझेलची माणसं खिडक्या उघडून बघतील. फौजेने जुन्या कार्बाईन विकायला काढल्यात. पोरांना नव्या, हलक्या बंदुका मिळाल्या आणि बापांनी वागवलेल्या जुन्या आता कोठारात सरपणासारख्या रचून ठेवल्यात. मी गेलो तर अर्धा जिल्हा आधीच तिथे. सगळे म्हातारे चष्मे पुसत, वाकून वाकून नंबर वाचतायत. एकाला मेलेल्या भावाची बंदूक सापडली तर तो आधी रडला, आणि मग दस्त्यावर ओरखडा दिसला म्हणून कोठारवाल्याशी भांडला.

मी बाबांच्या नंबरची शोधली, ५८४२७१. मिळाली! फक्त तिचा दस्ता अगदी कोरा आहे, तडा नाही की ठिगळ नाही. बदलला असेल फौजेने.

आता का घेतली ते ऐक. गेल्या महिन्यात खानावळीत नेमबाजी मंडळाची बैठक होती. तिथली ती भिंत तुला माहीत आहे, गेलेल्या सभासदांच्या नावाच्या पाट्यांची. मी अध्यक्षांना, म्हणजे कास्पर श्ट्राइफला, विचारलं की आमच्या बाबांची पाटी का नाही. तो म्हणाला, ज्याची बंदूक मोडली म्हणून फौजेने काढून घेतली, त्याचं नाव भिंतीवर लागत नाही. एवढं सांगून थांबावं की नाही? पण नाही. त्रेचाळीस सालची धुक्याची गोष्ट पुन्हा सुरू. फ्रिडली हेफ्टी, म्हणजे आपले बाबा, घाटात पहाऱ्यावर, धुक्यात रानबकरी शिंकली, फ्रिडलीला वाटलं शत्रू आला, पळाला, धडपडला आणि स्वतःच्याच बंदुकीवर पडला. दस्त्याला तडा, फ्रिडलीला कोठडी आणि जन्मभराचं नाव, धडपड्या. सगळे हसले. त्यातले निम्मे तर ठरलेल्या जागी पन्नास वर्षं हसतायत.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, मी ती बंदूक आणतो आणि ती पडून मोडलेली नाही हे दाखवून देतो, मग? कास्पर म्हणाला, नोव्हेंबरच्या सभेपर्यंत दाखव, पाटी मी माझ्या हाताने ठोकतो.

ताई, आई शहाऐंशीची झाली. तिच्या डोळ्यांदेखत ती पाटी लागली पाहिजे, बस्स. पण आईचंच सहकार्य नाही. गावातल्या प्रत्येक घरात भिंतीवर बापाची बंदूक आहे, आपल्याकडे नुसता खिळा आणि खिळ्यावर आईची छत्री. बंदूक टांगू का विचारलं तर म्हणाली, मग छत्री काय तुझ्या डोक्यावर टांगू? दारातून आत येऊ दिली नाही. सध्या बंदूक शेळ्यांच्या गोठ्यात आहे.

बाकी क्षेम. रागवायचं असेल तर पोटभर रागव, पण उत्तर धाड.

तुझा,
बाल्त्स


बाझेल
२४ मार्च १९९३

चि. बाल्त्स यास अ. उ. आशीर्वाद.

गुडघा अजून वाकत नाही, म्हणून वाचलास.

अरे गाढवा, नंबर चुकला. साठीला आलास तरी आकडे उलटेच. बाबांनी तो नंबर आपल्याकडून पाठ करून घेतला होता, आणि मी त्यावर दोरीच्या उड्या मारायचे. आठव.

पाच-आठ-चार, उघड गं दार,
दोन-एक-सात, बाबा आले आत.

दोन-सात-एक म्हटलं तर बाबा आत येतील का? बाहेरच राहतील बिचारे. तू कोणा भलत्याच्याच बापाची बंदूक गोठ्यात नेऊन ठेवलीस. शेळ्यांना तरी विचारायचंस.

आणि हे काय संशोधन घेऊन बसलास रे? चहूकडे जग जळत होतं तेव्हा आपले शूर वीर धुक्यावर पहारा देत होते. ज्या देशाने लढाईच केली नाही त्या देशात बंदुकीचा इतिहास शोधायचा, म्हणजे ब्रह्मचाऱ्याच्या घरी पाळणा शोधायचा.

एवढं बोलले, आता खरं सांगते. कास्पर ती गोष्ट सांगायला लागला की बाबा कसे बसायचे, ते मला अजून दिसतं. ग्लास हातात धरून, हसत. सगळ्यांच्या आधी हसायला सुरुवात करायचे. मला तेव्हा त्यांचा राग यायचा, आता कास्परचा येतो. तेव्हा शोध. पण नीट नंबर घेऊन शोध, आणि आईचं डोकं खाऊ नकोस.

शेळ्यांना माझी आठवण सांग. तुझ्यापेक्षा त्यांना अक्कल आहे.

तुझी ताई,
रोझिना


हिंटरएग
९ मे १९९३

ती. ताईस सा. न. वि. वि.

सापडली! या वेळी तुझं गाणं म्हणत म्हणत शोधली. कोठारवाल्याला वाटलं माझं डोकं फिरलंय. तो म्हणाला, ठिगळ लावलेल्या दस्त्यांच्या बंदुकांचा अख्खा ढीग घाटापलीकडच्या युरीतला एक खानावळवाला घेऊन गेला. मग घाटातला बर्फ हटेपर्यंत थांबलो आणि परवा गेलो. तिथे काय बघतो? मेल्याने भिंतीत दहा-बारा बंदुका आडव्या ठोकल्यात आणि गिऱ्हाइकं त्यांवर कोट टांगतायत. मी बिअर मागवली आणि एकेकाचा कोट उचलून नंबर वाचायला लागलो. एका बाईला वाटलं मी तिचे खिसे चापपतोय. तिच्या नवऱ्याने माझी कॉलर धरली, आणि त्याच अवस्थेत मला ५८४२१७ दिसली. एका लोकरीच्या ओल्या कोटाखाली.

खानावळवाला सोडायला तयार नव्हता, त्याची एक खुंटी कमी होणार. शेवटी आपली ती चुकीची, कोऱ्या दस्त्याची बंदूक त्याला दिली आणि बाबांची घेऊन आलो. म्हणजे माझी चूक कामाला आली, हे लिहून ठेव.

आता श्वास रोखून वाच. दस्त्याच्या टोकाला दुसऱ्या लाकडाचं ठिगळ आहे. आपली फौज, टाकून काही देणार नाही. ठिगळाच्या वर जुना तडा तसाच आहे. मी बुडाची पोलादी पट्टी सोडवली. तिच्याखाली आणि तड्याच्या आत काय निघालं असेल? हिरवी पूड! ताई, हिरवं म्हणजे तांबं गंजलेलं. आणि बंदुकीच्या दस्त्यात तांबं कुठून येणार? गोळीच्या आवरणाचं. बाबांवर कोणीतरी गोळी झाडली होती! सरहद्दीवर, धुक्यात. आणि ते बोलले नाहीत, कदाचित वरून हुकूम असेल. मला रात्रभर झोप नाही.

ती पूड काडेपेटीत घालून सोबत पाठवतोय. तुझा भाडेकरू औषधांच्या कारखान्यात रसायनं तपासतो ना, त्याला दाखव. तांबं आहे एवढं त्याने सांगितलं की कास्परचं तोंड बंद.

आई म्हणते बंदुकीला वास येतो. मी दहादा हुंगली, मला कसलाही वास येत नाही. वय झालं तिचं.

पूड सांडू नकोस. तुझ्या लोभाचा आणि भाडेकरूच्या वेळेचा अभिलाषी,
बाल्त्स


हिंटरएग
२३ मे १९९३

चि. रोझी हीस आगाथाचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र बाल्त्सच्या नकळत लिहिते. तो बिघडला आहे. जेवताना मध्येच माझ्याकडे बघून विचारतो की बाबा झोपेत काही बोलायचे का. मी सांगितलं, घोरायचे.

ती बंदूक गोठ्यात आहे तोवर ठीक, घरात येणार नाही. फार वास येतो. ओळखीचा वास आहे पण नाव आठवत नाही. बाल्त्सला येत नाही, पण तो इथलाच. मी युरीची, माझं नाक अजून तिकडचं आहे.

गोळीबिळी काही नाही गं. गोळी लागली असती तर तुझ्या बापाने घरी येऊन मला पहिलं सांगितलं असतं. माणूस धडपड्याच होता. लग्नाच्या दिवशी देवळाच्या पायरीवर अडखळला, तेव्हाच मी ओळखलं. मी त्याला तोंडावर धडपड्या म्हणायचे आणि तो हसायचा. गावाने नाव ठेवलं ते काही खोटं नव्हतं. आता मेलेल्या माणसाला शूर करून बाल्त्सला काय मिळणार आहे?

लोकरीचे मोजे विणून ठेवले आहेत. गुडघा उबेत ठेव. चॉकलेट पाठवू नकोस, दातात अडकतं. पाठवलंस तर मऊ पाठव.

तुझी,
आई


बाझेल
६ जून १९९३

चि. बाल्त्स, आशीर्वाद नंतर देईन.

तुझी काडेपेटी आली. मी स्वयंपाकघरात उघडली आणि भाडेकरूला हाक मारायची गरजच पडली नाही. तो स्वतःच खाली आला, नाकाला रुमाल लावून. मागोमाग तिसऱ्या मजल्यावरची बाई. कोणाचं तरी काहीतरी मेलंय का, म्हणून विचारायला.

अरे बाबा, ते तांबं नाही. त्सिगर आहे. त्सिगर! आपला हिरवा, दगडासारखा, त्या मेथीच्या भावकीतल्या पाल्याचा चीजचा सुळका. जो तू सकाळी पावावर, दुपारी माकरोनीवर आणि रात्री बटाट्यावर किसून खातोस, आणि ज्याचा वास तुझ्या कपड्यांना, पत्रांना, शेळ्यांनासुद्धा येतो. तू तो हुंगणार कसा? तुझं सगळं घरच त्सिगर आहे. मी चाळीस वर्षं बाझेलला राहिले म्हणून माझ्या नाकाला कळलं. पन्नास वर्षांत माणूस विटतो, राज्यं विटतात, त्सिगर विटत नाही. डोंगर पोखरलास आणि उंदीरही निघाला नाही, चीज निघालं.

मी हसत होते, बाल्त्स. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग एकदम थांबले, कारण मला आठवलं.

त्रेचाळीसच्या वसंतात बाबा रजेवर आले होते. तू गोवर निघून आतल्या खोलीत पडलेलास. आई तेव्हाही गावाला युरीचीच होती, पलीकडच्या कॅथलिक पंथाची, डोंगरापलीकडून आणलेली. हिला त्सिगर किसता येत नाही, म्हणून नळावर बायका हसायच्या. त्यातल्याच एकीने किसणी मागितली, देवळाच्या घंटावाल्याच्या बायकोने, आणि आईची नाही म्हणायची छाती नव्हती. किसणी परत आली नाही. त्या दिवशी बाबांना माकरोनी हवी होती. मी अंगणात दोरीवर उड्या मारत होते आणि आतून धप्, धप् आवाज येत होता. मी त्या ठेक्यावर उड्या मारल्या. पाच, आठ, चार. धप्, धप्, धप्. आई फडक्यात बांधून सुळका कुटत होती. कशाने कुटत होती, ते मी तेव्हा पाहिलं नाही. आज तुझ्या काडेपेटीने दाखवलं.

कळतंय का? तडा तेव्हा बारीक, पट्टीखालून निघालेला असणार, आईला दिसलाच नसेल. बाबांना बंदूक पुसताना दिसला असणार. मग हत्यार-तपासणीत अधिकाऱ्याने विचारलं तेव्हा त्या रांगेत सगळं खोरं उभं होतं. कास्परसुद्धा. बाबा खरं बोलले असते तर संध्याकाळपर्यंत नळावर पोचलं असतं की युरीच्या बाईने सरकारी बंदुकीने चीज कुटलं. मग आईला या गावात तोंड दाखवता आलं असतं का? म्हणून हा माणूस म्हणाला, मी घाबरलो, पळालो, पडलो. आणि जन्मभर पडतच राहिला.

आईला यातलं काही माहीत नाही. ती त्यांना स्वतः धडपड्या म्हणायची रे. तिला सांगू नकोस. या वयात तिला हे कळून काय करायचंय? बाबांनी जन्मभर झाकलं ते आपण उघडायचं नाही. पाटी गेली उडत.

काडेपेटी मी बाल्कनीत ठेवली आहे. टाकवत नाही.

तुझी,
रोझिना


हिंटरएग
२ ऑगस्ट १९९३

ती. ताईस सा. न. वि. वि.

दोन महिने पत्र नाही म्हणून तू रागावली असशील. मला तोंड नव्हतं. हात दाखवून अवलक्षण केलं आहे.

तुझं पत्र यायच्या आदल्याच दिवशी मी कास्परला गोळीचं सांगून बसलो होतो. हिरवी पूड, तांबं, धुकं, वरचा हुकूम, सगळं. मला वाटलं होतं तो हसेल. तो हसला नाही. म्हातारा टोपी काढून उभाच राहिला. म्हणाला, पन्नास वर्षं मी एका शूर माणसाची टिंगल केली. ताई, त्याचे डोळे भरले होते, आणि मी तुझं पत्र येण्याआधी किती खूश होतो काय सांगू!

आता ते गावभर झालंय. काल राष्ट्रीय दिनाच्या शेकोटीपाशी कास्परने भाषण केलं. बाबा आता खोऱ्यातले एकमेव जखमी झालेले वीर आहेत. जखमी दस्ता झाला होता, पण दर वेळी गोष्ट सांगताना गोळी थोडी वर सरकते. काल ती खांद्यापर्यंत पोचली. नोव्हेंबरच्या सभेला वर्तमानपत्राचा माणूस येणार आहे. पाटी साधी नाही, पितळी करणार आहेत.

आईने भाषण शेवटपर्यंत ऐकलं. घरी येताना एवढंच म्हणाली की माझा नवरा यांना माझ्यापेक्षा जास्त कळायला लागलाय. आणि मग, हे लोक त्याला जिवंतपणी हसले आणि मेल्यावर खोटे रडतायत, त्यापेक्षा हसणं बरं होतं.

मी काय करू? गप्प बसलो तर बाबांच्या नावावर खोटं लागतं. बोललो तर आईला कळतं. मला हवी होती ती पाटी मिळतेय आणि मला ती नकोशी झाली आहे. शेळ्यांना सांगून पाहिलं. त्या रवंथ करत राहिल्या.

सल्ला दे, शिव्या दे, काहीही दे. पण लवकर.

बाल्त्स


बाझेल
१५ ऑगस्ट १९९३

ती. आईच्या चरणी रोझीचा शि. सा. न.

चॉकलेट पाठवलं आहे, मऊ. ते आधी खा, मग वाच.

आई, बाल्त्सला मी तुला सांगू नकोस म्हटलं होतं, पण मला वाटतं मीच चुकले. तुझ्याबद्दल तुझ्या पाठीमागे ठरवायचं, म्हणजे आम्हीही त्या नळावरच्या बायकांसारखेच झालो. म्हणून सरळ विचारते. त्रेचाळीसमध्ये, बाबा रजेवर होते आणि किसणी घंटावालीकडे होती, तेव्हा तू त्सिगर कशाने कुटलास?

बंदुकीला जो वास येतो ना, तो त्याचा आहे. दस्त्याच्या तड्यात तो अजून आहे. तडा त्या दिवशी पडला, आई. घाटात नाही. बाबा कधी पडलेच नाहीत. तुला कोणी हसू नये म्हणून ते पडलो म्हणाले.

हे वाचून तुला वाईट वाटेल. मलाही हे लिहवत नव्हतं. पण असा नवरा आपल्याला होता हे तुला कळू नये, हे मला पटेना. बाल्त्सवर ओरडू नकोस. मला हवं तर ओरड.

तुझी,
रोझी


हिंटरएग
२९ ऑगस्ट १९९३

चि. रोझी हीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. चॉकलेट खाल्लं. मग गोठ्यात गेले आणि बंदूक हुंगली. बरोबर आहे तुझं.

दस्त्याने कुटला. मग काय कपाळाने कुटणार? सुळका वर्षभराचा वाळलेला, लाटणं मोडलं त्याच्यावर. बंदूक दाराशी टेकवलेली होती, तिचं बूड जड आणि चांगलं सपाट. फडकं पातळ होतं. माकरोनी मात्र झकास झाली होती. त्याने तीनदा घेतली.

रात्री तो बंदूक पुसत बसला होता ते मला आठवतं. फार वेळ पुसत होता. मी विचारलं काय झालं, तर म्हणाला काही नाही, उद्याही माकरोनी करशील का? लबाड मेला.

रोझी, मी दोन दिवस रडले. बाल्त्सला सांगितलं कांदे चिरते आहे. तो म्हणाला घरात कांदे नाहीत. पन्नास वर्षं मी त्या माणसाला धडपड्या म्हणाले. अंथरुणाला खिळला होता, मरायच्या आठवड्यात चमचा सांडला, तेव्हासुद्धा म्हणाले. आणि तो हसला गं. तेव्हा तरी सांगायचं. मला सांगायला काय झालं होतं?

आता रडणं पुरे. पितळी पाटी, गोळी आणि खांदा, हे मी होऊ देणार नाही. सभेला मी जाणार आहे. बाल्त्सला एवढंच सांगितलं आहे की कोट इस्त्री करून ठेव. तू गुडघा सांभाळ, येऊ नकोस. तू आलीस तर मला रडू येईल, आणि मला त्या दिवशी हात मोकळे हवे आहेत.

तुझी,
आई


हिंटरएग
१५ नोव्हेंबर १९९३

ती. ताईस बाल्त्सचा सा. न. वि. वि.

काल सभा झाली. घाईत लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

खानावळ खचाखच भरलेली. वर्तमानपत्राचा माणूस, त्याचा कॅमेरा, टेबलावर मखमलीत पितळी पाटी. मी बंदूक घेऊन, आई हातात मोठी पिशवी घेऊन, काळ्या टोपीत. कास्पर भाषणाला उभा राहिला. धुक्यातून येणाऱ्या त्या गोळीपर्यंत पोचला आणि आई उठली. म्हणाली, कास्पर, खाली बस, तुझे पाय दुखतील. तो बसला! अध्यक्ष झाल्यापासून त्याला कोणी बसवलं नव्हतं.

आईने पिशवीतून त्सिगरचा सुळका काढला. वाळलेला, असा की मारला तर माणूस मरेल. फडक्यात गुंडाळला, टेबलावर ठेवला, माझ्या हातातून बंदूक घेतली आणि दस्त्याने कुटायला लागली. धप्! बिअरचे ग्लास उडाले. धप्! पाटी मखमलीतून खाली. शहाऐंशी वर्षांची बाई, ताई! मी पुढे झालो तर म्हणाली, बाजूला हो, तुला जमायचं नाही. मग फडकं उघडून हिरवी पूड सगळ्यांपुढे धरली आणि सांगितलं की ज्याने फ्रिडलीच्या बंदुकीवर हल्ला केला तो शत्रू हा.

आणि मग सगळं सांगितलं. किसणीचं, घंटावालीचं नाव घेऊन. तिचा नातू समोर बसला होता, तो टेबलाखाली काहीतरी शोधायला लागला. शेवटी म्हणाली, तुम्ही मला हसू नये म्हणून तो मरेपर्यंत खोटं बोलला. आता तो नाही, मी आहे, इथेच बसते आहे. हसा.

कोणी हसलं नाही. मग आईच हसली, आधी हळू, मग खदखदून, बाबा हसायचे तशी, सगळ्यांच्या आधी. आणि मग अख्खी खानावळ. मी इतका हसलो आणि इतका रडलो की मला त्यातलं काय चाललंय ते कळेना. एका म्हाताऱ्याने तर कबूल केलं की त्याची बायको त्याच्या बंदुकीने अक्रोड फोडते. मग दुसऱ्याने. वर्तमानपत्राचा माणूस लिहायचं सोडून माकरोनी मागवून बसला.

कास्पर मात्र हसला नाही. पितळी पाटी त्याने बाजूला सारली आणि खिशातून एक साधी लाकडी काढली. त्यावर नुसतं बाबांचं पूर्ण नाव, फ्रिडोलिन हेफ्टी. म्हणजे थेरड्याला गोळीचं पटलं नव्हतंच बहुतेक, मला ते विचारायचा धीर झाला नाही. शब्दाप्रमाणे स्वतःच्या हाताने ठोकायला गेला आणि पहिलाच घाव अंगठ्यावर. आई म्हणाली, कास्पर, धडपड्या हे नाव आता मोकळं आहे, घेऊन टाक. त्याने तसाच, अंगठा तोंडात धरून, तिला वाकून नमस्कार केला.

मग तो म्हणाला की पाटीखाली बंदूकही राहू द्या, मंडळाचा मान होईल. आई म्हणाली, नाव तुम्हाला दिलं, बंदूक माझी आहे.

घरी परतलो तेव्हा उजेड होता अजून. आई भराभरा पुढे गेली, आत शिरली आणि दार लावून घेतलं. मला वाटलं विसरली. मी खांद्यावर बंदूक घेऊन उंबऱ्याबाहेर उभा. दार वाजवलं तर आतून विचारलं, नंबर काय? मी हसलो, पण ती हसत नव्हती. मग मी सांगितला. पाच-आठ-चार. कडी वाजली. दोन-एक-सात. या वेळी एकही आकडा चुकला नाही, ताई.

तिने दार उघडलं. खिळ्यावरची छत्री काढून माझ्या हातात दिली, बंदूक घेतली, दस्ता एकदा हुंगला आणि खिळ्यावर टांगली. टाचा उंचावून, मला हात लावू न देता. मग ॲप्रनला डोळे पुसले आणि बंदुकीला म्हणाली, किती उशीर केलास रे, फ्रिडली. माकरोनी गार झाली.

आईचे आशीर्वाद, शेळ्यांचे नमस्कार. छत्री अजून माझ्याच हातात आहे.

तुझा,
बाल्त्स